मीटरचा लाल दिवा आणि सिन्नरचा रस्ता

पत्र: मी नाशिकरोडला राहते आणि सिन्नरजवळच्या एका शाळेत शिकवते. सहावा महिना चालू आहे. दिवाळीत आमच्याकडे विजेवर चालणारी गाडी आली. यजमानांची नोकरीही त्याच बाजूला, म्हणून दोघांनी गाडीनेच जायचं ठरलं होतं. पण महिन्याभरापूर्वी नणंदेने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस चालत्या इलेक्ट्रिक गाडीत मीटर धरतो. डोक्याजवळ हिरवा दिवा लागतो. मीटर पायाशी नेला की लाल दिवा आणि ३० मिलिगॉसचा आकडा. ‘बॅटरीवर बसणं म्हणजे पोटातल्या बाळाला रेडिएशन’, असं तो सांगतो. अशा क्षेत्रामुळे गर्भपात वाढतात, हे अमेरिकेतल्या अभ्यासात सिद्ध झालंय असंही म्हणतो. तेव्हापासून सासूबाई मला गाडीत बसू देत नाहीत. गाडी दारात उभी असते आणि मी बाइकवर मागे बसून शाळेत जाते. सासऱ्यांना पेसमेकर आहे, तेही आता गाडीपासून लांब राहतात. दिरांनी ‘रेडिएशन शोषून घेणारा’ सोनेरी स्टिकर मागवून डॅशबोर्डवर लावलाय. मी कोणाचं ऐकू? आणि बाळ झाल्यावर त्याला या गाडीत बसवायचं की नाही, बसवलं तर कुठे?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले: ‘गाडी दारात उभी असते आणि मी बाइकवर मागे बसून शाळेत जाते.’ बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी बाइकवरून उतरा. उद्यापासूनच.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. तुमचा रस्ता मला माहीत आहे. पुणे हायवे, माळेगाव एमआयडीसीकडे वळणारे ट्रक, मोहदरीचा घाट. येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. सहाव्या महिन्यात शरीराचा तोल बदललेला असतो. अचानक ब्रेक लागला तर मागे बसलेल्या बाईला धरायला फारसं काही नसतं. हेल्मेट डोकं वाचवतं, पण पोटाला तसं काही संरक्षण नाही. घरच्यांनी तुम्हाला गाडीतून उतरवलं ते मायेपोटी, याबद्दल मला शंका नाही. पण त्या मायेने तुम्हाला कमी धोक्यातून काढून जास्त धोक्यात बसवलंय.

आता त्या लाल दिव्याकडे येऊ. मी जवळजवळ तीस वर्षं पदविकेच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवलं, त्यामुळे हा विषय माझ्या हातातला आहे. कुठे काळजी करायची आणि कुठे नाही, हे मला तुम्हाला नीट सांगायचंय.

तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तुमच्या मिक्सरभोवती असतं, पंख्याभोवती असतं, शाळेतल्या पंपाभोवती असतं. गाडीतही असतं, मग ती पेट्रोलची असो की विजेची. तेव्हा व्हिडिओतला मीटर खोटं दाखवत नाही, क्षेत्र तिथे आहेच. घोळ झालाय तो ‘रेडिएशन’ या शब्दामुळे. एक्स-रेही रेडिएशन आणि देवघरातल्या समईचा उजेडही रेडिएशन. एक्स-रेमध्ये पेशीतले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून गरोदरपणी डॉक्टर तो टाळतात. गाडीतल्या तारा आणि मोटर यांच्याभोवतीचं क्षेत्र कमी वारंवारतेचं, म्हणजे सेकंदाला त्या मानाने कमी वेळा दिशा बदलणारं असतं, ते हे करू शकत नाही. ते खूप तीव्र असेल तर शरीरात अगदी सूक्ष्म विद्युत प्रवाह निर्माण करतं आणि मज्जातंतू उद्दीपित होऊ शकतात. आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवताना हा परिणाम धरला जातो आणि त्याच्या बऱ्याच खाली रेषा आखली जाते.

ती रेषा घरच्या ५० हर्ट्झ विजेसाठी (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं), सामान्य माणसांकरता, २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे. मायक्रोटेस्ला आणि मिलिगॉस ही दोन्ही चुंबकीय क्षेत्र मोजायची एककं. एक मायक्रोटेस्ला म्हणजे दहा मिलिगॉस. व्हिडिओतले ३० मिलिगॉस म्हणजे तीन मायक्रोटेस्ला. दोनशेच्या जागी तीन, तेही पायाशी! पण इथेच थांबले तर मीही अर्धवटच सांगितल्यासारखं होईल. वारंवारता वाढत गेली की ही मर्यादा खाली येते, आणि विजेच्या गाडीत एकाच वारंवारतेचं क्षेत्र नसतं. बॅटरीच्या एकाच दिशेच्या विजेची मोटरसाठी उलटसुलट वाहणारी वीज करतो तो गाडीतला इन्व्हर्टर. तो मोटरला देतो त्या प्रवाहात बरीच सरमिसळ असते. म्हणून खरी मोजणी करणारे प्रत्येक वारंवारतेचा वाटा वेगळा काढतात आणि मर्यादेच्या किती टक्के झाला त्याचा हिशेब करतात. दुकानातल्या दीड-दोन हजारांच्या मीटरचं ते काम नाही.

अशी मोजणी झालेली आहे. नॉर्वेतल्या सिन्टेफ या संशोधनसंस्थेने युरोपीय महासंघाच्या एका प्रकल्पात विजेच्या गाड्या आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्या मोजल्या. विजेच्या गाड्यांत सर्वांत जास्त क्षेत्र जमिनीलगत, बॅटरीजवळ आणि गाडी सुरू करताना आढळलं. ते मर्यादेच्या २० टक्क्यांच्या आत होतं, आणि डोक्याच्या उंचीला २ टक्क्यांहून कमी. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत ते साधारण १० टक्के निघालं. जर्मनीच्या सरकारी प्रारण-संरक्षण (प्रारण म्हणजे रेडिएशन) कार्यालयाने २०२५ मध्ये आणखी मोठी मोजणी प्रसिद्ध केली. त्यात पूर्ण विजेवरच्या ११ गाड्या होत्या, शिवाय हायब्रिड आणि पेट्रोलची गाडीही. जोरात वेग घेताना, ब्रेक दाबताना, गाडी चालू करताना पायांपाशी क्षणभर बऱ्यापैकी जास्त आकडे आले. डोकं आणि धड यांच्यापाशी ते कमी होते. शरीरात निर्माण होणाऱ्या विद्युत क्षेत्राची मर्यादा मात्र कुठेही ओलांडली गेली नाही. गाडी विजेची म्हणून आतल्या माणसावर सरसकट जास्त भार पडतो, असंही चित्र दिसलं नाही.

पेट्रोलच्या गाडीतही क्षेत्र असतं हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. त्यामागचं कारण मला फार आवडतं. पेट्रोलच्या गाडीत बारा व्होल्टची व्यवस्था असते. बॅटरीच्या एका टोकाची केबल स्टार्टरला, दिव्यांना, ब्लोअरला जाते आणि परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून येतो. म्हणजे जाणारी वाट एका बाजूला आणि येणारी भलतीकडून, मधे ऐसपैस वेटोळं. वेटोळं जितकं मोठं तितकं क्षेत्र पसरतं, आणि चावी फिरवल्यावर स्टार्टर एका क्षणात शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. विजेच्या गाडीत मुख्य बॅटरीच्या दोन्ही जाड नारिंगी केबल बहुतेक शेजारी-शेजारी नेलेल्या असतात, वरून धातूच्या जाळीचं आवरण असतं आणि त्या सांगाड्यापासून पूर्ण अलग ठेवलेल्या असतात. एकीतला प्रवाह पुढे जातो, दुसरीतला मागे येतो, आणि दोघींची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खाऊन टाकतात. जे उरतं ते अंतराबरोबर झपाट्याने घटतं. दुप्पट लांब गेलात तर चौथाई. म्हणून पायाशी लाल आणि डोक्याशी हिरवा, यात रहस्य काहीच नाही. बाळ पायाशी नाही, तुमच्या मांडीच्या वर आहे.

आणखी एक उगम आहे, ज्याचा विजेशी संबंधच नाही. टायर! आजच्या रेडियल टायरमध्ये रबराखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो थोडासा चुंबकित झालेला असतो. चाक फिरलं की हे अशक्त चुंबक तुमच्या सीटजवळून गरगरत जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरतं, म्हणजे तेवढ्याच हर्ट्झचं क्षेत्र. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. प्रवाशाच्या सीटपाशी दोन मायक्रोटेस्लापेक्षा जास्त क्षेत्र त्यांना सापडलं, साध्या पेट्रोलच्या गाड्यांत. म्हणजे व्हिडिओतल्या माणसाने तोच मीटर, टायरची मंद वारंवारता पकडणारा असता तर, तुमच्या शेजाऱ्यांच्या दहा वर्षं जुन्या गाडीत मागच्या चाकाजवळ धरला असता, तरी लाल दिवा लागला असता. तुमच्या माहेरच्या जुन्या गाडीतून तुम्ही लहानपणी जेजुरीला, वणीला गेला असाल, तेव्हाही हे होतंच.

मीटरचीही एक गोष्ट सांगते. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र महाराष्ट्रात सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे ४०० मिलिगॉस. ते स्थिर आहे, बदलत नाही, त्यामुळे शरीरात प्रवाह निर्माण करत नाही. तारांच्या क्षेत्राशी त्याची थेट तुलना होत नाही. पण फोनवरच्या ‘ईएमएफ मीटर’ ॲपमध्ये मोजलं जातं ते बहुतेक हेच, फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरने, आणि गाडीच्या लोखंडाजवळ तो आकडा वरखाली उड्या मारतो. साधा मीटर हातात जोरात हलवला तरी पृथ्वीच्या क्षेत्रामुळे काटा हलतो. चालत्या गाडीत, खड्ड्यांतून जाताना, हातात मीटर आणि दुसऱ्या हातात चित्रीकरण करणारा फोन, तोही स्वतःचे सिग्नल सोडतोय. त्या आकड्यावर भरवसा ठेवून घर हलवू नये.

हे क्षेत्र मोजणं किती नाजूक काम आहे याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून सगळी उपकरणं खाडीपार अलिबागला नेण्यात आली, तिथे १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू झाली आणि इमारत बांधताना चुंबकीय नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. आजही ती चालू आहे. ट्राममुळे वेधशाळेची उपकरणं हलली, हे खरं. ट्राममधल्या माणसांना उतरवायची मात्र वेळ आली नाही. उपकरणाला कळतं आणि शरीराला बाधतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तो अमेरिकेतला अभ्यास. तो खरा आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला पूर्ण माहिती मिळायला हवी. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तो प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ९१३ गरोदर स्त्रियांना एक दिवसभर, चोवीस तास, मीटर लावायला दिला. ज्यांना दिवसातल्या कमाल क्षेत्राचा आकडा सर्वांत कमी आला त्यांच्यात १०.४ टक्के गर्भपात झाले, बाकीच्यांत २४.२ टक्के. वाचून पोटात गोळा येतो, मलाही आला. पण यावर तज्ज्ञांचा एक जुना आक्षेप आहे आणि तो मला वजनदार वाटतो. कमाल आकडा कोणाचा जास्त येतो? जी जास्त हिंडते-फिरते, बाजारात जाते, गाडीत बसते, ऑफिसात जाते तिचा. आणि पहिल्या महिन्यांत जिला खूप मळमळ होते ती घरी पडून राहते. मळमळ असणं हे बहुतेकदा गर्भ नीट वाढत असल्याचं लक्षण असतं. ज्यांचा गर्भ आधीच नीट नाही त्यांना मळमळ कमी, त्यामुळे त्या जास्त फिरतात आणि त्यांचा मीटर जास्त दाखवतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा वेळी उलटं वाचलं जाऊ शकतं. संशोधकांनी आपण मळमळही हिशेबात धरली असं म्हटलंय, म्हणजे वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ‘सिद्ध झालंय’ हा शब्द व्हिडिओवाल्याचा आहे, अभ्यासाचा नाही. शिवाय त्या अभ्यासातले गर्भपात विसाव्या आठवड्याच्या आतले होते. तुम्ही तो टप्पा ओलांडलाय.

दुसरी गोष्ट कोणी ना कोणी तुमच्यापुढे आणेलच, म्हणून मीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला ‘कर्करोगजनक असण्याची शक्यता’ असलेल्या २-ब गटात टाकलं. त्याचा आधार असा: ज्या घरांत सरासरी क्षेत्र सतत, वर्षानुवर्षं, ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त होतं, तिथल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. कारण अजून कोणाला सापडलेलं नाही, आणि त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. तरी हा आकडा धरून तुमचा हिशेब करू. गाडीत सीटच्या उंचीला एक मायक्रोटेस्ला धरलं आणि रोज दीड तास प्रवास धरला, तर चोवीस तासांच्या सरासरीत त्याची भर पडते सुमारे ०.०६ मायक्रोटेस्ला. ज्यावरून शंका घेतली गेली त्या पातळीचा हा साधारण पाचवा-सहावा हिस्सा. हेअर ड्रायर अगदी केसांजवळ धरला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार ६ ते २००० मायक्रोटेस्लापर्यंत क्षेत्र असतं. तो कोणी पाच मिनिटं वापरला म्हणून घरात सभा भरत नाही.

तर गाडीने जा. जाताना काय सांभाळायचं ते सांगते, कारण सांभाळण्यासारखं आहेच.

सीटबेल्ट. सगळ्यात महत्त्वाचं हेच. खालचा पट्टा पोटावरून कधीही नाही, पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवर घट्ट. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने, खांद्यावर. मानेवर घासत असेल तर उंची खाली घ्या. मागे बसलात तरी लावायचा. २०२२ मध्ये बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं गेली आणि त्यातली निम्मी प्रवासी होती, चालक नव्हती. पुढे बसत असाल तर सीट जमेल तितकी मागे घ्या. एअरबॅग बंद करू नका. तुम्ही स्वतः चालवत असाल तर पोट आणि स्टिअरिंग यांत वीतभर तरी अंतर हवं, आणि आठव्या महिन्यापासून यजमानांनाच चालवू द्या.

फोन मांडीवर ठेवू नका. गाडीतल्या सगळ्या गोष्टींत अंगाला चिकटून असणारा रेडिओ लहरींचा खरा उगम तोच आहे. चारी बाजूंनी पत्रा, रेंज कमी, वेगाने एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाणं, अशा वेळी फोन सिग्नल पोहोचवायला जास्त जोर लावतो. फोनची ऊर्जा शरीरात किती शोषली जावी यावर भारतात सप्टेंबर २०१२ पासून किलोमागे १.६ वॅटची मर्यादा आहे आणि कीपॅडवर *#०७# दाबलं की तुमच्या फोनचा आकडा दिसतो. मर्यादेतला फोन बाळाला इजा करतो असा पुरावा नाही. पण पर्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये ठेवायला काहीच कष्ट नाहीत, तर तेवढं करावं. बोलायचं असेल तर गाडीच्या स्पीकरवर. घाट उतरताना गाडी वेग कमी करते तेव्हा मोटर जनित्र होऊन बॅटरी भरते, आणि तेवढा वेळ मीटरचा काटा थोडा वर जातो. घरच्यांनी मीटर आणलाच तर तिथे दचकू नका.

आणि अर्थिंग. माझ्या मते तुमच्या गाडीबाबत विजेची खरी भीती वाटायला हवी ती इथे. आम्ही पूर्वी राहायचो त्या इमारतीत पार्किंगमधल्या सॉकेटला अर्थिंगची तार होती, पण मीटररूममध्ये ती कशालाच जोडलेली नव्हती. बिल्डरने हिरवी तार ओढून सोडून दिली होती. शेजाऱ्यांना पंपाला हात लावून झटका बसला तेव्हा ते कळलं. ते वाचले, पण त्या दिवसाने माझी झोप बरेच आठवडे उडवली होती. गाडी रोज रात्रभर आठ-आठ तास १५-१६ अँपिअर ओढते. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंगचा रोध मोजून घ्या, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, चार्जरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड तार घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर कधीही चार्ज करू नका. अर्ध्या तासाने प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट बदला. भिंतीपलीकडे चार्जर आहे म्हणून पलंग हलवायची गरज नाही, पण हात ओला असताना तुम्ही प्लग काढू नका.

सासऱ्यांसाठी बातमी चांगली आहे. म्युनिकमध्ये पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर (ठोके धोकादायक बिघडले तर हृदयाला झटका देणारं यंत्र) बसवलेल्या १०८ रुग्णांना चार वेगवेगळ्या विजेच्या गाड्यांत बसवून, चालवायला लावून, चार्जही करायला लावून तपासलं गेलं. २०१८ मध्ये निकाल आला: कोणाच्याही यंत्रात व्यत्यय नाही. सर्वांत जास्त क्षेत्र मिळालं ते चार्जिंगच्या केबललगत. मग ३५० किलोवॅटपर्यंतच्या जलद चार्जरचं काय, हा प्रश्न होता. २०२३ मध्ये १३० रुग्णांनी ५६१ वेळा चार्जिंग केल्याचा अहवाल आला, तेव्हाही काही बिघडलं नाही. तेव्हा सासऱ्यांना गाडीत बसू द्या. चार्जिंगची केबल मात्र खांद्यावर टाकून किंवा छातीशी धरून उभं राहायला नको. मोबाइल आणि बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची चावी सदऱ्याच्या वरच्या खिशात नको, यंत्रापासून वीतभर तरी लांब. पेट्रोलची गाडी चालू असताना बॉनेट उघडून आत वाकायला नको. त्यांच्या यंत्राचं कार्ड घेऊन पुढच्या तपासणीला त्यांच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा, कारण यंत्र कोणतं आणि कसं लावलंय ते त्यांना ठाऊक असतं.

तो स्टिकर आजच काढा. कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र अडवायला खास मिश्रधातूचे जाड पत्रे लागतात, तेही सगळीकडून. डॅशबोर्डवर चिकटवलेलं सोनेरी चकाकतं पान ते करू शकत नाही. माझा मुद्दा पैशाचा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘रेडिएशनपासून संरक्षण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासून त्या वापरू नका असं जाहीर केलं, कारण त्या स्वतःच किरणोत्सारी होत्या. गळ्यात घालायचं पदक, डोळ्यांवरची पट्टी, मुलांचं ब्रेसलेट, असल्या वस्तू! तुमच्या दिरांचा स्टिकर तसाच असेल असं मी म्हणत नाही. पण कशाचा बनलाय ते पाकिटावर लिहिलेलं नसेल तर गरोदर बाईच्या पुढ्यात तो असू नये. दिरांना दुखवू नका, त्यांनी तुमच्यासाठीच मागवला. पैसे परत मागा आणि त्या पैशात आरसीसीबीला हातभार लावा.

सासूबाईंशी भांडू नका. माझ्या पहिल्या वेळी ग्रहण आलं होतं आणि माझ्या सासूबाईंनी मला अंधाऱ्या खोलीत, सुरी-कात्रीला हात न लावता बसवलं होतं. विज्ञान शिकवणारी मी, पण त्या दिवशी मी बसले. कारण त्यांचा हात थरथरत होता. त्यांचं एक बाळ राहिलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण ग्रहणात घरात बसल्याने मला धोका नव्हता, आणि इथे बाइकवर बसल्याने आहे, हा फरक आहे. म्हणून इथे ऐकायचं नाही, पण समजवायचं मायेने. त्यांना आकडे सांगू नका. त्यांना एकदा गाडीत मागे बसवा, बेल्ट कसा लावायचा ते दाखवा, आणि रोज निघताना तुमचा बेल्ट पोटाखाली नीट बसलाय की नाही हे बघायचं काम त्यांनाच द्या. त्यांच्या काळजीला करायला काहीतरी हवंय. फोन पर्समध्ये टाकलाय तेही त्यांना दाखवा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पुढच्या वेळी जाताना त्यांना बरोबर न्या, आणि बाइकचा प्रश्न तुम्ही नाही, त्यांनीच डॉक्टरांना विचारावा.

शेवटी बाळाचं. बाळाला त्याच गाडीत, मागच्या सीटवर बसवा. पण मांडीवर नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना जोराची धडक बसली तर चार किलोचं बाळ कोणत्याही आईच्या हातात राहत नाही, मग ती कितीही घट्ट धरो. लहान बाळाची खुर्ची घ्या, तोंड मागच्या काचेकडे असलेली, आणि गाडीच्या सीटमधल्या आयसोफिक्सच्या, म्हणजे अशी खुर्ची अडकवायलाच दिलेल्या, कड्यांत अडकवा. पुढच्या सीटवर, जिथे एअरबॅग आहे तिथे, अशी खुर्ची कधीच लावायची नसते. ती आत्ताच मागवा, डोहाळजेवणाला कोणी विचारलं काय आणू तर हेच सांगा. दवाखान्यातून घरी येणं हाच बाळाचा पहिला प्रवास असतो, आणि त्या दिवशी खुर्ची बसवायला कोणाला सुचत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात एका रविवारी यजमानांना बसवायला लावा, आणि सासूबाईंना ती हलवून बघू द्या की घट्ट बसली आहे ना.